'इतर' नावाचं कपाट

हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळात एक अरुंद, लांबट चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. ओहोटीला गेलात तर पाहण्यासारखं फार काही नाही; तळाशी पाणी डुबुक डुबुक करत असतं, एवढंच. भरतीला मात्र लाट त्या चिरेत घुसते. पुढे जागा नसते, मागून दुसरं पाणी रेटत असतं, मध्ये कोंडलेली हवा वाट शोधत असते, आणि मग ते सगळं मिळून जे उसळतं ते माणसाच्या कितीतरी वर जातं. आवाज असा होतो की पहिल्यांदा गेलेला माणूस दोन पावलं मागे सरतोच.

मी सात-आठ वर्षांचा असताना आजीबरोबर तिथे उभा होतो. "आजी, पाणी वर का उडतं?" असं विचारलं. आजी म्हणाली, "अरे, बामण पडला होता तिथे. मागे हो आधी!" पुढची कित्येक वर्षं मला वाटायचं की आजीने मला थाप मारली. आता वाटतं, तिचं उत्तर खोटं नव्हतं, ते वेगळ्याच प्रश्नाचं होतं. घळीला बामणघळ का म्हणतात, या प्रश्नाला तिने सरळ उत्तर दिलं होतं. पाणी का उडतं, हा माझा प्रश्न मात्र तसाच ओला राहिला.

मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकात आणि माहितीच्या पुस्तकात फरक काय, असं कुणी विचारलं की मला हे दोन प्रश्न आठवतात. दोन्ही प्रश्न मुलाचेच आणि दोन्ही उत्तरांची त्याला भूक असते. पण आपण मोठी माणसं पहिल्या उत्तराला साहित्य म्हणतो, त्याला शाल-श्रीफळ देतो. दुसऱ्या उत्तराला म्हणतो 'उपयुक्त'.

योगायोग असा, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मराठी मुलांना द्यायला आयुष्य घातलेला माणूस याच हेदवीचा. विनायक कोंडदेव ओक. जन्म २५ फेब्रुवारी १८४०. गुहागर तालुक्यातल्या या गावचा मुलगा भरतीच्या वेळी घळीवर गेला नसेल, हे संभवत नाही. शाळेतलं शिक्षण जेमतेम. इंग्रजीच्या दोन-तीन इयत्ता झाल्या, बाकीचं स्वतःचं स्वतः शिकले. नोकरी शिक्षणखात्यात केली. १८८१ साली त्यांनी मुलांसाठी 'बालबोध' हे मासिक सुरू केलं. ते ज्या निर्णयसागर छापखान्याशी जोडलेलं होतं, त्याचे मालक जावजी दादाजी. मराठी टाइप देखणा कसा असावा हे त्या छापखान्याने महाराष्ट्राला दाखवलं.

१८८१ म्हणजे 'केसरी' निघाला तेच वर्ष. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं गेलं, त्या पत्राचा आवाज दूरवर गेला. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका माणसाने दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी जे काही सुरू केलं, त्याचा आवाज तेवढा मोठा नव्हता. पण ओकांनी ते तेहतीस वर्षं चालवलं, ९ ऑक्टोबर १९१४ रोजी डोळे मिटेपर्यंत. लिहिणारा हात जवळजवळ एकच. प्रत्येक अंकाचं ताट ठरलेलं: एक चरित्र, एक कविता, एक निबंध, बहुतेक वेळा एखादा शास्त्रीय विषय आणि मग किरकोळ तोंडी लावणं. चारशेच्या घरात अंक निघाले, म्हणजे तेवढीच चरित्रं. कुणाला विश्वास बसणार नाही, पण गुणाकार करून पाहा: तेहतीस गुणिले बारा.

मराठी बालसाहित्याचे जनक म्हणून ओकांचं नाव घेतात. त्यांनी मुलांच्या पानात काय वाढलं हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. परीकथा आणि राजा-राणी नव्हे, तर माणसांची आयुष्यं, देशांचे इतिहास आणि सृष्टीतले चमत्कार. त्या ताटात माहिती म्हणजे भात होता, लोणचं नव्हे. ओकांच्याही आधी बाळशास्त्री जांभेकरांनी भूगोल, गणित, व्याकरण मुलांना कळेल अशा मराठीत आणलं. ते पोंभुर्ल्याचे. आज ते गाव सिंधुदुर्गात मोजतात, पण १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. म्हणजे आपल्याकडे मुलांसाठी छापील मराठी सुरू झालं ते बरंचसं माहितीपासूनच, आणि त्यात कोकणच्या या पट्टीचा हात मोठा. ओकांची भाषा आज वाचताना तिच्यातल्या उपदेशाच्या फोडणीने ठसका लागतो, हे खरं. तो त्या काळचा रिवाज होता. पण सांगण्याची कळकळ अस्सल आहे. समोरच्या मुलाला काही कळत नाही, असं त्यांनी कधी धरलं नाही.

मग पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुरस्कारांच्या यादीतून माहितीचं पुस्तक कुठे गेलं?

साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. मराठीचा पहिला मान अनिल अवचटांना मिळाला, 'सृष्टीत... गोष्टीत' या पुस्तकासाठी. अवचट म्हणजे हाडाचे वृत्तान्तकार. हमाल, विडी कामगार, देवदासी, दुष्काळ, जे लिहिलं ते डोळ्यांनी बघून लिहिलं. मुलांसाठी त्यांनी ओरिगामीवरही पुस्तक केलं, कागद कुठे दुमडायचा हे चित्रांनी दाखवणारं. अकादमीने त्यांना गौरवलं ते मात्र गोष्टींसाठी. पुढे दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे', ल. म. कडूंचं 'खारीच्या वाटा', सलीम मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध', आबा महाजनांची 'आबाची गोष्ट', संजय वाघांचं 'जोकर बनला किंगमेकर', संगीता बर्वे यांची 'पियूची वही', एकनाथ आव्हाडांच्या कविता, भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला', २०२५ मध्ये सुरेश सावंतांच्या कविता. मधल्या काही वर्षी एकूण लेखनासाठी पुरस्कार दिला गेला. बाबा भांड, अनंत भावे, माधुरी पुरंदरे, लीलाधर हेगडे, राजीव तांबे, रत्नाकर मतकरी ही ती नावं. पण अकादमीने जेव्हा जेव्हा एका पुस्तकावर बोट ठेवलं, तेव्हा तेव्हा ते कथेचं, कादंबरीचं नाही तर कवितेचं होतं. निखळ माहितीचं एकदाही नाही.

यातली पुस्तकं कमी दर्जाची आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. 'खारीच्या वाटा' मी दोनदा वाचलं. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची ती हकिकत आहे, आणि रानातलं, शेतातलं तपशिलाचं वैभव तिच्यात असं आहे की त्यातून एक छोटा निसर्गकोश निघावा. सलीम मुल्ला वनखात्यातले. जंगल त्यांना माहीत आहे ते पायांनी. म्हणजे माहिती अकादमीच्या दारातून आत गेली, पण कादंबरीचा सदरा घालून. उघड्या अंगाने आली असती तर दारावरच्याने विचारलं असतं, आपण कोण?

हिशेबाची आणखी एक बाजू आहे. अकादमीचा मोठ्यांसाठीच्या पुस्तकाचा पुरस्कार एक लाखाचा, बालसाहित्याचा पन्नास हजारांचा. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांतही प्रौढ वाङ्मयाला लाख आणि बालवाङ्मयाला पन्नास हजार असाच हिशेब राहिला आहे. एसटीत मुलांना अर्धं तिकीट असतं, तसंच हे. फरक एवढाच, की एसटीत अर्ध्या तिकिटाचा फायदा मुलाला होतो.

तरी राज्य शासनाने एक गोष्ट अकादमीपेक्षा बरी केली आहे. बालवाङ्मयाचे त्याने भाग पाडले आणि प्रत्येकाला एकेक नाव दिलं: कवितेला बालकवी, कादंबरीला साने गुरुजी, कथेला राजा मंगळवेढेकर, संकीर्णला ना. धों. ताम्हनकर. आणि माहितीच्या पुस्तकांसाठी एक स्वतंत्र पुरस्कार ठेवला, यदुनाथ थत्ते पुरस्कार. त्याच्या विभागाचं नाव आहे 'सर्वसामान्य ज्ञान (छंद व शास्त्रे)'. या नावावर मी बराच वेळ अडलो आहे. पतंग कसा करावा आणि कृष्णविवर म्हणजे काय, ही दोन्ही पुस्तकं एकाच रांगेत उभी, आणि दोघांवर मिळून 'सर्वसामान्य' असा शिक्का. ज्ञान सर्वसामान्य कसं असतं? पण नसण्यापेक्षा ही खिडकी बरी. निदान तिथे अर्ज करणाऱ्याला तुमचं पुस्तक साहित्य आहे का, असं कुणी विचारत नाही.

त्या दोन नावांचं, साने गुरुजींचं आणि थत्त्यांचं, नातं बघण्यासारखं आहे. पांडुरंग सदाशिव साने जन्मले पालगडला, दापोली तालुक्यात, २४ डिसेंबर १८९९ रोजी. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली, दोन वर्षांनी ती छापून आली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर केलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. एवढ्या प्रकाशात गुरुजींचं दुसरं काम झाकलं गेलं. त्यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांचं चरित्र लिहिलं (गोखल्यांचा जन्म कोतळूकचा, म्हणजे पुन्हा गुहागर तालुकाच). इतर अनेकांची चरित्रं लिहिली, इतिहास सोप्या मराठीत आणला. पुतणीला लिहिलेली त्यांची पत्रं 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत. फुलं, पाऊस, देशातल्या घडामोडी, थोर माणसं असं सगळं त्यांत एखाद्या काकाने ओसरीवर बसून सांगावं तसं येतं. हे माहितीपर लेखनच आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हटलं नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक काढलं. त्याच 'साधना'चं संपादन पुढे अनेक वर्षं यदुनाथ थत्त्यांनी केलं, आणि स्वतःही मुलांसाठी, कुमारांसाठी ढिगाने लिहिलं. म्हणजे ज्ञानाच्या पुस्तकांना दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचं मूळ शोधत गेलं तर पालगडच्या घराशी पोचतं. गुरुजींचं स्वतःचं नाव मात्र कादंबरीकडे गेलं. अश्रूंचं पारडं जड झालं, दुसरं काय!

हा रोग मराठीचाच आहे असं समजून खंत करत बसायचं कारण नाही. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांसाठी न्यूबेरी पदक सुरू झालं १९२२ साली. पहिलंच पदक मिळालं ते हेन्ड्रिक विलेम व्हॅन लून या डच वंशाच्या लेखकाच्या 'मानवजातीच्या कथे'ला. शीर्षकात कथा असली तरी पुस्तक इतिहासाचं, चित्रंही त्याने स्वतःच काढलेली. ग्रंथपालांनी दिलेल्या २१२ मतांपैकी १६३ मतं त्या एका पुस्तकाला पडली. सुरुवात अशी दणदणीत, आणि मग हळूहळू कादंबऱ्यांनी मैदान मारलं. १९८८ मध्ये रसेल फ्रीडमन यांच्या अब्राहम लिंकनच्या छायाचित्रमय चरित्राला ते पदक मिळालं तेव्हा लोकांना नवल वाटलं, इतकी माहितीची सवय सुटली होती. म्हणून मग तिथल्या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेने १९९० पासून फक्त माहितीपर पुस्तकांसाठी वेगळा पुरस्कार द्यायला सुरुवात केली, आणि २००१ पासून ग्रंथपालांच्या संघटनेने सायबर्ट पदक.

शिक्षकांच्या त्या पुरस्काराचं नाव 'ऑर्बिस पिक्टस', म्हणजे चित्रातलं जग. कोमेनियस नावाच्या चेक पाद्री-शिक्षकाने १६५८ साली न्यूरेम्बर्गला याच नावाचं पुस्तक छापलं. दीडशे प्रकरणं. प्रत्येकाच्या डोक्यावर लाकडी ठशाचं चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि खाली लॅटिन व जर्मन भाषांत त्या आकड्यांचा खुलासा. लोहार, बेकरी, आकाश, मासे, मानवी शरीर. मुलांसाठी मुद्दाम केलेलं पहिलं सचित्र पुस्तक म्हणून जगभर त्याचंच नाव घेतलं जातं, आणि ते माहितीचं आहे. हेदवीच्या ओकांची आणि कोमेनियसची गाठ इथे पडते. दोन्हीकडे बालसाहित्याची सुरुवात 'हे काय आहे?' या प्रश्नाने झाली.

या परदेशी पुरस्कारांकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांची कसोटी. शिक्षकांचा पुरस्कार चार गोष्टी तपासतो: माहितीचा अचूकपणा, मांडणी, पुस्तकाची घडण आणि शैली. पहिला क्रमांक अचूकपणाचा आहे, हे लक्षात घ्या. आपल्याकडे परीक्षक बहुतेक साहित्यिक. कविता बरी की वाईट हे त्यांना चार ओळींत कळतं. पण कासवाच्या अंड्यांबद्दल लिहिलेलं खरं की खोटं, हे कळायला कुणाला तरी विचारावं लागतं, दोन फोन करावे लागतात. तेवढी उस्तवार कोण करणार? त्यापेक्षा कादंबरी बरी. लंडनच्या रॉयल सोसायटीने मुलांच्या विज्ञानपुस्तकांसाठी याच्याही पुढची युक्ती काढली. जाणती मंडळी सहा पुस्तकं निवडून देतात आणि त्यांतलं विजेतं कोणतं ते शाळाशाळांतली मुलं ठरवतात. ही रीत आपल्याकडे कुणी करून पाहिली तर काय निकाल लागेल, याची मला फार उत्सुकता आहे.

ऑर्बिस पिक्टसचा पहिला पुरस्कार मिळाला तो जीन फ्रिट्झ या चरित्रकार बाईंना, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या चरित्रासाठी. त्यांचा एक नेम होता: चरित्रातल्या माणसाच्या तोंडी मनाचं वाक्य घालायचं नाही. जे बोलल्याचा पुरावा आहे, तेवढंच अवतरणात. हा नेम रत्नागिरीत बसून वाचताना मला टिळक आळी आठवली. टिळकांचं जन्मघर तिथे आहे. ते १८५६ साली तिथे जन्मले आणि दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर पुण्याला गेले. टिळकांवर बोलायला उभं राहिलेलं महाराष्ट्रातलं कुठलंही पोर शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीवर येतंच. मीही आलो होतो, तिसरीत, शब्द विसरून रडलोही होतो. पण ही गोष्ट सांगितली कुणी, कधी, त्या वर्गात कोण होतं, हे सांगणारं मुलांचं पुस्तक मला भेटलेलं नाही. गोष्ट खरी असेल, नसेलही. अमुक माणसाने इतक्या वर्षांनंतर ही आठवण सांगितली आहे, एवढं एक वाक्य जोडलं तर काय बिघडतं? मुलं बुचकळ्यात पडत नाहीत. 'हे तुम्हाला कसं कळलं?' हा तर त्यांचा आवडता प्रश्न आहे, आपल्यालाच तो उद्धट वाटतो.

हा प्रश्न उद्धट न वाटणारा एक लेखक रत्नागिरी जिल्ह्याने दिला, आणि त्याच्याबद्दल मला जरा सावकाश लिहायचं आहे. प्राध्यापक मोहन आपटे. जन्म ५ डिसेंबर १९३८, राजापूर तालुक्यातल्या कुवेशीचा. मुंबईत अंधेरीच्या भवन्स महाविद्यालयात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं आणि मराठीत खगोल, अवकाश, गणित, संगणक, इतिहास अशा विषयांवर पुस्तकांची रांग लावली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते गेले. त्यांच्या एका मालेचं नाव आहे 'मला उत्तर हवंय!' शेवटी उद्गारचिन्ह. त्या चिन्हात पाय आपटणारं मूल मला दिसतं. मालेची रचना प्रश्नोत्तरांची. प्रश्न छोटा, उत्तर पानभर, की पुढचा प्रश्न.

प्रश्नोत्तरांची पुस्तकं आपल्याकडे ढीगभर आहेत, स्पर्धा परीक्षांच्या कृपेने. पण त्यांत उत्तर म्हणजे एक शब्द. पाठ करा, गोल काळा करा, विसरा. आपट्यांच्या उत्तरात 'का' असतो. शिवाय मराठीवर त्यांचा विश्वास होता. अवकाशयानाच्या कक्षेबद्दल लिहिताना 'हे मराठीत सांगणं अवघड आहे' अशी माफी ते मागत नाहीत. थेट सांगायला लागतात, आणि दोन परिच्छेदांनी लक्षात येतं की मराठीत सांगून झालंसुद्धा. त्यांच्या काही पुस्तकांची मांडणी मला कोरडी वाटते, चित्रं आणखी हवी होती असंही वाटतं. पण त्याचा दोष लेखकाला किती द्यायचा? रंगीत चित्रांचं पुस्तक छापायला खर्च दुप्पट-तिप्पट येतो, आणि शंभर रुपयांच्या वर किंमत गेली की घरातले म्हणतात, अभ्यासाचं आहे का? अभ्यासाचं असेल तर घेऊ. म्हणजे माहितीच्या पुस्तकाची दोन्हीकडून कोंडी. साहित्यवाले म्हणतात हे साहित्य नाही, पालक म्हणतात हे सिलॅबसमध्ये नाही.

आपट्यांच्या राजापूर तालुक्यातच, उन्हाळे गावाजवळ, गंगा येते. चौदा कुंडं आहेत. एरवी कोरडी असतात आणि साधारण तीनेक वर्षांनी एकाएकी वाहू लागतात, काही आठवडे-महिने वाहतात, मग थांबतात. जमिनीखाली पाणी साठत साठत एका पातळीला आलं की वाकड्या नळीतून एकदम वाहू लागावं, या वक्रनलिकेच्या तत्त्वाने गंगेचं हे येणं-जाणं समजावून सांगतात. न्हाणीघरात रबरी नळी आणि दोन बादल्या घेऊन दहा वर्षांच्या मुलाला हे करून दाखवता येतं. मी दाखवलं आहे, आणि त्यापायी बोलणीही खाल्ली आहेत. गंगेवर मुलांसाठी चाळीस पानांचं पुस्तक व्हायला एवढं साहित्य पुरेसं आहे: दोन बादल्या, एक नळी, कुंडांचा नकाशा, स्नानाला आलेली माणसं, आणि गंगा कधी कधी आली त्या तारखांची यादी. तारखा बघून मुलं स्वतःच विचारतील, मग पुढची कधी?

जिल्ह्यात असे विषय कातळावर पडले आहेत, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. मुलाला अठरा मीटर म्हटलं तर तो नुसती मान डोलावतो. दीड एसटी म्हटलं की डोळे मोठे होतात. त्या हत्तीच्या अंगावर आणखी कितीतरी प्राणी, मासे, पक्षी कोरलेले आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ही कातळशिल्पं नोंदवली. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली: कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी. काही ठिकाणी गेंडा दिसतो. कोकणात गेंडा? मग तेव्हा इथे पाऊस, गवत, झाडं कशी होती? कोरणारा माणूस राहत कुठे होता, खात काय होता? शिल्पांचं नेमकं वय अजून ठरायचं आहे, आणि मुलांच्या पुस्तकासाठी ही फारच चांगली बातमी आहे. सगळं ठरून गेलेलं असलं की पाठ्यपुस्तक होतं. ठरायचं असलं की वाचणाऱ्याला आत शिरायला जागा राहते.

तसंच वेळासचं. मंडणगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ती राखायला सुरुवात केल्यापासून पिल्लं समुद्रात सोडायचा सोहळा पाहायला मुंबई-पुण्याहून माणसं येतात. पिल्लांचे फोटो सगळे काढतात. पण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, हे त्या गर्दीतल्या किती मुलांना कुणी सांगितलं असेल? हे एक वाक्य सांगितलं की मूल वाळूला हात लावून बघतं. चांगल्या माहितीच्या पुस्तकाला मी यापेक्षा निराळी परीक्षा लावत नाही: मिटल्यावर मुलाचा हात कशाकडे जातो?

परवा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात गेलो होतो. बालविभागात तीन कपाटं. पहिल्यावर चिठ्ठी, 'कथा-कादंबरी'. दुसऱ्यावर 'कविता, नाटक'. तिसऱ्यावर 'इतर'. 'इतर'मध्ये पक्षी, ग्रह, किल्ले, शास्त्रज्ञ, जादूचे प्रयोग, रांगोळ्या, एक जुना कुमारकोशाचा खंड आणि कुणाची तरी राहिलेली छत्री. पाहुण्यांना जागा नसली की माळ्यावर अंथरूण घालावं, तशी ही पुस्तकं तिथे. गंमत म्हणजे कड्या तिसऱ्या कपाटाच्याच ढिल्या झाल्या होत्या. पहिल्या कपाटाला अजून रंगाचा वास होता.

मी तिथे असताना शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली, निळा पिनाफोर, दप्तराचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला. तिने काउंटरवरच्या काकांना विचारलं, "काका, गंगेवर पुस्तक आहे?"

"गंगावतरण? ते कथेत बघ."

"नाही हो काका. राजापूरच्या. ती बंद का होते ते."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. 'इतर' उघडलं, दोन रांगा मागेपुढे केल्या, छत्री बाहेर काढून ठेवली. मग काउंटरच्या खालच्या खणातून कात्रणांची एक फाईल काढली, दोरीने बांधलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. "घरी नेता येणार नाही हां. इथेच बसून उतरवून घे," असं म्हणाले. ती खिडकीपाशी बसली, वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता आखला, आणि एका रकान्यात गंगा आल्याच्या तारखा आणि दुसऱ्यात गेल्याच्या, अशा लिहायला लागली.